अंतराचा नियम गुणाकारात टिकतो का? डिस्टन्स-रेग्युलर, डिस्टन्स-बॅलन्स्ड आणि ग्राफचे चार गुणाकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. (ग्राफ म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा; बाकी व्याख्या पुढे येतात.) दोन डिस्टन्स-रेग्युलर ग्राफ घेतले, तर त्यांचा कार्टेशियन गुणाकारही डिस्टन्स-रेग्युलर असायला हवा असं वाटतं. पण त्रिकोण आणि एक कड यांचा गुणाकार, म्हणजे साधा त्रिकोणी प्रिझम, तपासला तर संगणक ‘नाही’ म्हणतो. दुसरीकडे ‘डिस्टन्स-बॅलन्स्ड’ हा गुणधर्म याच गुणाकारात टिकतो असं सिद्ध झालेलं आहे. मग कोणता गुणधर्म कोणत्या गुणाकारात टिकतो आणि का? शिवाय, डिस्टन्स-बॅलन्स्ड असूनही रेग्युलर नसलेले, म्हणजे शेजाऱ्यांची संख्या सगळीकडे सारखी नसलेले, ग्राफ हाताने बनवता येतात का?

प्रिझमच्या बाबतीत संगणकाचं बरोबर आहे. त्रिकोणातली एखादी कड घ्या. तिच्या टोकांना एक सामायिक शेजारी आहे, त्रिकोणाचा तिसरा कोपरा. आता वरचा आणि खालचा त्रिकोण जोडणारी उभी कड घ्या. तिच्या टोकांना सामायिक शेजारी एकही नाही. दोन्ही जोड्या अंतर १ वरच्याच, पण मोजणी वेगळी आली. डिस्टन्स-रेग्युलर असण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

मूळ मुद्दा असा की डिस्टन्स-रेग्युलर ही शिरोबिंदूंच्या जोडीवर घातलेली अट आहे. पुढे येणाऱ्या बाकीच्या अटी एकेकट्या शिरोबिंदूवर आहेत. गुणाकार करताना शिरोबिंदू एकमेकांसारखे राहू शकतात, पण जोड्यांना दिशा फुटतात: काही जोड्या पहिल्या ग्राफच्या दिशेने, काही दुसऱ्याच्या, काही तिरक्या. जोडीची अट या सगळ्या दिशांना एकच उत्तर मागते, आणि तिथेच ती बहुतेक वेळा मोडते. पुढचं सगळं या एका गोष्टीचा हिशेब आहे.

आधी व्याख्या पक्क्या करू. सगळे ग्राफ सांत, जोडलेले, साधे. क हा शिरोबिंदू धरा आणि त्याच्यापासून न अंतरावर ख घ्या. ख चे शेजारी तीनच प्रकारचे असू शकतात: क पासून न−१ अंतरावरचे म्हणजे मागचे, न अंतरावरचे म्हणजे बरोबरीचे, आणि न+१ अंतरावरचे म्हणजे पुढचे. त्यांच्या संख्यांना मा(न), स(न), पु(न) म्हणू. या तीन संख्या फक्त न वर अवलंबून असतील, क आणि ख कोणते यावर नाही, तर ग्राफ डिस्टन्स-रेग्युलर. पीटरसन ग्राफ, घन, सगळी वर्तुळं, सगळे पूर्ण ग्राफ (ज्यात प्रत्येक शिरोबिंदू बाकी सगळ्यांना जोडलेला) यात बसतात. ही अट किती कडक आहे ते यावरून समजेल: डिग्री ३ चे, म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूला ३ शेजारी असलेले, डिस्टन्स-रेग्युलर ग्राफ एकूण १३ च आहेत. बिग्ज, बॉशियर आणि शॉ-टेलर यांनी १९८६ मध्ये ही यादी पूर्ण केली. डिग्री ३ किंवा त्याहून जास्त, पण ठरलेली असेल तर असे ग्राफ सांत संख्येनेच असणार, हा बन्नाई-इतो यांचा तर्क होता. तो बँग, डुबिकस, कूलन आणि मोल्टन यांनी सिद्ध केला.

दुसरी अट हलकी आहे. प्रत्येक शिरोबिंदूपासून अंतर १ वर किती, अंतर २ वर किती, अशी यादी करा. सगळ्या शिरोबिंदूंची यादी एकच आली तर ग्राफ डिस्टन्स-डिग्री-रेग्युलर. डिस्टन्स-रेग्युलर ग्राफ असा असतोच, आणि व्हर्टेक्स-ट्रान्झिटिव्ह ग्राफही (ज्यात कोणताही शिरोबिंदू सममितीने कोणत्याही दुसऱ्यावर नेता येतो) असा असतोच. या दोन वाटा मात्र वेगळ्या आहेत. प्रिझम व्हर्टेक्स-ट्रान्झिटिव्ह आहे पण डिस्टन्स-रेग्युलर नाही. उलट टुटचा १२-केज, १२६ शिरोबिंदूंचा, डिस्टन्स-रेग्युलर आहे पण व्हर्टेक्स-ट्रान्झिटिव्ह नाही. सममिती दिसली म्हणून डिस्टन्स-रेग्युलर समजणं, किंवा उलट, ही चूक प्रबंधांमध्ये सर्रास दिसते.

तिसरी अट सर्वांत हलकी, आणि माझ्या मते सर्वांत मजेदार. क–ख ही कड घ्या. क ला जास्त जवळ असलेले शिरोबिंदू आणि ख ला जास्त जवळ असलेले शिरोबिंदू मोजा. प्रत्येक कडेसाठी दोन्ही संख्या सारख्या असतील तर ग्राफ डिस्टन्स-बॅलन्स्ड. कल्पना हांडा यांच्या १९९९ च्या लेखात आहे. नाव आणि गुणाकारांवरचे पहिले निकाल येरेबिच, क्लावझार आणि रॉल यांच्या २००८ च्या लेखातले. व्याख्येत कडा असल्या तरी ही खरं म्हणजे एकेका शिरोबिंदूचीच अट आहे. एका शिरोबिंदूपासून बाकी सगळ्यांच्या अंतरांची बेरीज म्हणजे त्याचं ट्रान्समिशन. क आणि ख शेजारी असतील तर कोणत्याही तिसऱ्या शिरोबिंदूची क पासूनची आणि ख पासूनची अंतरं फार तर १ ने वेगळी असतात. क ला जवळचा शिरोबिंदू ख च्या बेरजेत १ जास्त घालतो, ख ला जवळचा क च्या बेरजेत १ जास्त घालतो, दोघांना सारखा असलेला काहीच फरक पाडत नाही. म्हणून दोन ट्रान्समिशनांमधला फरक म्हणजे त्या दोन मोजण्यांमधला फरक. ग्राफ जोडलेला आहे, त्यामुळे प्रत्येक कडेवर समतोल असणं आणि सगळ्या शिरोबिंदूंचं ट्रान्समिशन एकच असणं ही एकच गोष्ट. गुणाकारांबद्दलची निम्मी प्रमेयं एवढ्यावर निघतात, म्हणून हे पाठच करून ठेवा.

डिस्टन्स-डिग्री-रेग्युलर असेल तर ट्रान्समिशन आपोआप सारखं येतं. उलट दिशेने मात्र काहीच मिळत नाही, साधी डिग्रीसुद्धा सारखी असण्याची हमी नाही. यासाठी एक छोटा ग्राफ हाताशी ठेवा. षटकोन काढा. एकाआड एक असे तीन कोपरे निवडा आणि त्या प्रत्येकाच्या जागी दोन शिरोबिंदू ठेवा, एकमेकांना जोडलेले, आणि दोघंही मूळच्या दोन्ही शेजाऱ्यांना जोडलेले. झाले ९ शिरोबिंदू, १५ कडा. न बदललेल्या तिघांना ‘एकटे’ म्हणू, नव्या सहांना ‘जोडीतले’. एकट्याचे शेजारी ४, अंतर २ वर २ (बाकीचे दोन एकटे), अंतर ३ वर २ (समोरची जोडी). बेरीज ४ + ४ + ६ = १४. जोडीतल्याचे शेजारी ३, अंतर २ वर ४ (बाकीच्या दोन जोड्या), अंतर ३ वर १ (समोरचा एकटा). बेरीज ३ + ८ + ३ = १४. डिग्री ४ आणि ३, तरी ट्रान्समिशन सगळीकडे १४. या ग्राफला पुढे ‘नऊचा ग्राफ’ म्हणतो.

(व्यास, म्हणजे ग्राफमधलं सर्वांत मोठं अंतर, २ असता तर असं झालं नसतं. तिथे ट्रान्समिशन थेट डिग्रीवरून ठरतं, त्यामुळे डिस्टन्स-बॅलन्स्ड म्हणजेच रेग्युलर. वेगळेपणा हवा असेल तर व्यास किमान ३ लागतोच.)

आता गुणाकार. प्रत्येक गुणाकाराला एकच प्रश्न विचारायचा: यात अंतर कसं बनतं?

गुणाकाराचा शिरोबिंदू म्हणजे ग मधला एक आणि ह मधला एक अशी जोडी. कार्टेशियन गुणाकारात एका पावलात ग किंवा ह यांपैकी एकातच सरकता येतं, म्हणून अंतरांची बेरीज होते. ग □ ह मध्ये दोन शिरोबिंदूंमधलं अंतर म्हणजे ग मधलं अंतर अधिक ह मधलं अंतर. प्रत्येक शिरोबिंदूसाठी एक बहुपदी लिहा, जिच्यात य च्या न-व्या घाताचा सहगुणक म्हणजे न अंतरावरच्या शिरोबिंदूंची संख्या. नऊच्या ग्राफमध्ये एकट्याची बहुपदी १ + ४य + २य² + २य³, जोडीतल्याची १ + ३य + ४य² + य³. अंतरांची बेरीज होते म्हणून गुणाकार ग्राफमध्ये या बहुपद्यांचा सरळ गुणाकार होतो. आता डिस्टन्स-डिग्री-रेग्युलरचं प्रमेय दोन ओळींत सुटतं. दोन्ही ग्राफमध्ये बहुपदी सगळीकडे एकच असेल तर गुणाकारातही एकच. उलट, गुणाकारात एकच असेल तर ग मधला शिरोबिंदू कायम ठेवून ह मधला फिरवा, समान अवयव छाटा, ह ची बहुपदी कायम निघते. तसंच ग चं. ट्रान्समिशन म्हणजे या बहुपदीच्या विकलजाची य = १ ला किंमत. त्यावरून गुणाकारातलं ट्रान्समिशन = (ह ची शिरोबिंदूसंख्या × ग मधलं ट्रान्समिशन) + (ग ची शिरोबिंदूसंख्या × ह मधलं ट्रान्समिशन). एक घटक स्थिर ठेवून दुसरा फिरवला की लगेच दिसतं: ग □ ह डिस्टन्स-बॅलन्स्ड, जर आणि तरच ग आणि ह दोन्ही तसे. नऊचा ग्राफ आणि एक कड यांचा गुणाकार करून पाहा: २ × १४ + ९ × १ = ३७, अठराही शिरोबिंदूंसाठी.

डिस्टन्स-रेग्युलरचं गणित इथे वेगळ्याच थाटाचं आहे. गुणाकारात एका शिरोबिंदूपासून (ग मध्ये ट, ह मध्ये ठ) अंतरावर असलेला शिरोबिंदू घ्या. मागे जायचं तर ग च्या दिशेने मागे जा किंवा ह च्या दिशेने. म्हणून मागच्या शेजाऱ्यांची संख्या ग चा मा(ट) अधिक ह चा मा(ठ). बरोबरीच्यांचंही तसंच. आता ट + ठ हे एकूण अंतर तेवढंच ठेवून ट आणि ठ बदलले तरी बेरीज तीच राहिली पाहिजे. ट = १, ठ = १ घेतलं तर मागचे २ होतात, म्हणून ग चा व्यास २ किंवा जास्त असेल तर ग मध्ये मा(२) = २ असायलाच हवं. असंच पुढे जात मा(न) = न. बरोबरीच्यांसाठी स(१) दोन्ही ग्राफमध्ये एकच असायला हवा, आणि स(न) = न × स(१). स(१) ला क्यू−२ म्हणा. शेवटच्या अंतरावर पुढचा शेजारी नसतो, त्यावरून डिग्री = व्यास × (क्यू−१). हे आकडे ओळखीचे वाटतील. हे हॅमिंग ग्राफचे आकडे आहेत: क्यू अक्षरांच्या वर्णमालेतले ठराविक लांबीचे शब्द, एका जागी फरक असेल तर कड. उलट दिशाही सोपी आहे. म्हणजे नेमका निकाल असा मिळाला: ग □ ह डिस्टन्स-रेग्युलर, जर आणि तरच दोघांचेही आकडे एकाच क्यू च्या हॅमिंग ग्राफचे. त्रिकोणाचा क्यू ३, कडेचा क्यू २. प्रिझम म्हणूनच पडला. दोन त्रिकोणांचा गुणाकार केलात तर तो पास होईल.

इथे बारीक शब्द आहे: ‘आकडे’ हॅमिंगचे. ग्राफ हॅमिंगच असला पाहिजे असं नाही. आकडे तेच आणि ग्राफ वेगळा, असं होऊ शकतं का? एगावा यांनी १९८१ मध्ये उत्तर दिलं: क्यू = ४ सोडला तर नाही. आणि क्यू = ४ ला अपवाद का, तर एका १६ शिरोबिंदूंच्या ग्राफमुळे, जो शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये दाखवला. हे तेच श्रीखंडे, ज्यांनी बोस आणि पार्कर यांच्याबरोबर ऑयलरचा लॅटिन चौरसांबद्दलचा तर्क खोडला; पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख होते. आपल्याकडे ऑयलरची गोष्ट सांगितली जाते आणि ग्राफची राहून जाते. मला विचाराल तर रोजच्या कामात ग्राफच जास्त वेळा भेटतो.

तो बनवायला अगदी सोपा आहे. शिरोबिंदू म्हणजे ० ते ३ मधल्या अंकांच्या जोड्या, बेरीज-वजाबाकी ४ च्या शेषाने. दोन जोड्यांमधला फरक (१,०), (०,१), (१,१) किंवा यांचा ऋण असेल तर कड. प्रत्येकाला ६ शेजारी. कोणत्याही दोन शेजाऱ्यांना २ सामायिक शेजारी, कोणत्याही दोन न-शेजाऱ्यांनाही २. अगदी हेच आकडे ४ × ४ च्या बुद्धिबळ पटावरच्या हत्तीच्या ग्राफचे, म्हणजे ४ शिरोबिंदूंच्या दोन पूर्ण ग्राफच्या कार्टेशियन गुणाकाराचे. पण एका शिरोबिंदूच्या सहा शेजाऱ्यांकडे पाहा. हत्तीच्या ग्राफमध्ये ते दोन सुट्या त्रिकोणांत विभागलेले असतात: एक रांगेतला, एक स्तंभातला. श्रीखंडे ग्राफमध्ये (०,०) चे शेजारी (१,०), (१,१), (०,१), (३,०), (३,३), (०,३) याच क्रमाने एकेकाला जोडले जाऊन षटकोन बनवतात. षटकोनात त्रिकोण नाही, म्हणून श्रीखंडे ग्राफमध्ये चार शिरोबिंदूंचा पूर्ण ग्राफ सापडत नाही. दोन्ही ग्राफ एक नाहीत हे एवढ्यावर सिद्ध झालं.

आणखी जवळून पाहू. (०,०) आणि (२,०) शेजारी नाहीत. त्यांचे सामायिक शेजारी (१,०) आणि (३,०), जे एकमेकांचे शेजारी नाहीत. (०,०) आणि (१,२) हेही शेजारी नाहीत. त्यांचे सामायिक शेजारी (०,१) आणि (१,१), जे एकमेकांचे शेजारी आहेत. दोन्ही जोड्या अंतर २ वर, मोजणी दोन्हीकडे २, पण कोणतीही सममिती एका जोडीला दुसरीवर नेऊ शकत नाही. डिस्टन्स-रेग्युलर आहे, डिस्टन्स-ट्रान्झिटिव्ह नाही. मोजणी समान असणं आणि चित्र समान असणं यातला फरक याहून स्वच्छ दाखवणारं छोटं उदाहरण मला माहीत नाही.

श्रीखंडे ग्राफ आणि ४ शिरोबिंदूंचा पूर्ण ग्राफ यांचा कार्टेशियन गुणाकार वरच्या प्रमेयानुसार डिस्टन्स-रेग्युलर होतो: ६४ शिरोबिंदू, डिग्री ९, अंतर १, २, ३ वर अनुक्रमे ९, २७, २७. श्रीखंडे ग्राफ आणि ४ शिरोबिंदूंचे पूर्ण ग्राफ यांच्या अशा गुणाकारांना डूब ग्राफ म्हणतात. तुमचा संगणक ६४ शिरोबिंदूंवर ‘हॅमिंगचे आकडे आले’ म्हणाला म्हणून ‘हॅमिंग ग्राफ मिळाला’ असं लिहू नका. शेजाऱ्यांचं चित्र तपासा.

स्ट्राँग गुणाकारात एका पावलात ग मध्ये, ह मध्ये किंवा दोन्हींत एकदम सरकता येतं, म्हणून अंतर म्हणजे दोन अंतरांपैकी मोठं. इथे बहुपद्यांचा गुणाकार होत नाही, चेंडूंचा होतो: न किंवा त्याहून कमी अंतरावरच्या शिरोबिंदूंची संख्या म्हणजे दोन ग्राफमधल्या तशाच संख्यांचा गुणाकार. त्यामुळे डिस्टन्स-डिग्री-रेग्युलर असणं इथेही जर-आणि-तरच टिकतं. छाटणीचा तोच युक्तिवाद चालतो. कुटनार, मालनिच, मारुशिच आणि मिक्लाविच ज्याला स्ट्राँगली डिस्टन्स-बॅलन्स्ड म्हणतात ते हेच, आणि त्या भाषेत हा निकाल केरळ आणि स्लोव्हेनियातल्या गणितज्ञांच्या २००९ च्या एकत्र लेखात आहे. लेखकांत कन्नन बालकृष्णन आणि मनोज चंगत आहेत.

पण नुसतं डिस्टन्स-बॅलन्स्ड इथे टिकत नाही. नऊचा ग्राफ आणि पंचकोन घ्या. नऊच्या ग्राफमध्ये ० ते ३ अंतरांपर्यंतचे चेंडू एकट्यासाठी १, ५, ७, ९ आणि जोडीतल्यासाठी १, ४, ८, ९. पंचकोनात १, ३, ५, ५. गुणाकार एकट्यासाठी १, १५, ३५, ४५, जोडीतल्यासाठी १, १२, ४०, ४५. ट्रान्समिशन म्हणजे प्रत्येक टप्प्यावर चेंडूबाहेर किती राहिले त्यांची बेरीज. एकट्यासाठी ४४ + ३० + १० = ८४, जोडीतल्यासाठी ४४ + ३३ + ५ = ८२. दोन्ही घटक डिस्टन्स-बॅलन्स्ड, गुणाकार नाही. कारण उघड आहे: ट्रान्समिशन ही बेरीज आहे, आणि ‘दोघांतलं मोठं’ काढायला नुसती बेरीज माहीत असून भागत नाही, पूर्ण यादी लागते. पंचकोनाऐवजी पूर्ण ग्राफ घेतला तर मात्र सगळं सुरळीत होतं, कारण तिथे यादीच एका पायरीची.

स्ट्राँग गुणाकार डिस्टन्स-रेग्युलर कधी? दोन्ही पूर्ण ग्राफ असतील तरच. सरळ कडेच्या आणि तिरक्या कडेच्या सामायिक शेजाऱ्यांची तुलना करा, लगेच निघतं. यात वेळ घालवू नका.

लेक्सिकोग्राफिक गुणाकारात ग च्या प्रत्येक शिरोबिंदूच्या जागी ह ची एक प्रत ठेवतात, आणि ग मध्ये शेजारी असलेल्या जागांच्या प्रती एकमेकींना पूर्ण जोडतात. वेगवेगळ्या प्रतींमधलं अंतर ग ठरवतो. एकाच प्रतीत अंतर १ किंवा २, कारण शेजारच्या प्रतीतून जाऊन दोन पावलांत कुठेही पोचता येतं. ह मध्ये म शिरोबिंदू असतील तर ट्रान्समिशन = म × (ग मधलं ट्रान्समिशन) + २(म−१) − (ह मधली डिग्री). म्हणून हा गुणाकार डिस्टन्स-बॅलन्स्ड, जर आणि तरच ग डिस्टन्स-बॅलन्स्ड आणि ह रेग्युलर. ह ची दूरची अंतरं यात कुठे येतच नाहीत, ह जोडलेला असण्याचीही गरज नाही. डिस्टन्स-रेग्युलर मात्र इथेही जवळजवळ काही उरत नाही: दोन्ही घटकांत किमान दोन शिरोबिंदू असतील तर उत्तर पूर्ण ग्राफ किंवा पूर्ण बहुभागी ग्राफ (शिरोबिंदूंचे गट, एका गटात कडा नाहीत, वेगळ्या गटांतले सगळे जोडलेले), एवढंच.

राहिला डायरेक्ट गुणाकार, ज्यात प्रत्येक पावलाला दोन्हीकडे सरकावंच लागतं. अंतर म्हणजे अशी सर्वांत लहान लांबी, की त्याच लांबीची चाल ग मध्येही आहे आणि ह मध्येही. चालीत मागे-पुढे करता येतं, पण त्यात लांबी २ ने वाढते. म्हणून सगळा खेळ सम-विषमाचा. जोडलेलेपणाचीही इथे हमी नाही. वाइक्सेल यांनी १९६२ मध्ये दाखवलं की दोन्ही जोडलेले आणि किमान एक द्विभागी नसलेला असेल तरच गुणाकार जोडलेला. (द्विभागी म्हणजे शिरोबिंदूंचे दोन भाग पडतात आणि प्रत्येक कड एका भागातून दुसऱ्यात जाते.) दोन्ही द्विभागी असतील तर दोन तुकडे पडतात, पण प्रत्येक तुकड्यात सम-विषम आपोआप जुळलेलं असतं, अंतर पुन्हा ‘दोघांतलं मोठं’ होतं. २००९ च्या त्याच लेखात या तुकड्यांसाठीही स्ट्राँगली डिस्टन्स-बॅलन्स्डचा जर-आणि-तरच निकाल आहे.

द्विभागी नसलेल्या ग्राफचा एका कडेशी डायरेक्ट गुणाकार, म्हणजे द्विभागी दुप्पट, यावर तुम्ही वेळ दिलात तर सार्थकी लागेल. पीटरसन ग्राफची दुप्पट म्हणजे देझार्ग ग्राफ, २० शिरोबिंदू, डिस्टन्स-रेग्युलर. पण दोन त्रिकोणांचा कार्टेशियन गुणाकार घ्या, जो स्वतः डिस्टन्स-रेग्युलर आहे: शेजाऱ्यांना १ सामायिक शेजारी, न-शेजाऱ्यांना २. दुपटीत एका बाजूचे कोणतेही दोन शिरोबिंदू अंतर २ वर येतात, पण त्यांच्यामधले काही जोडपी १ वाटेने आणि काही २ वाटांनी जोडलेली. अट मोडली. श्रीखंडे ग्राफमध्ये दोन्ही संख्या २ आहेत, म्हणून त्याची दुप्पट टिकते: ३२ शिरोबिंदू, डिग्री ६, एका बाजूचे कोणतेही दोन बरोबर २ सामायिक शेजाऱ्यांचे, समोरच्या बाजूचे उरलेले १० अंतर ३ वर. हा १६ बिंदू आणि १६ गटांच्या सममित डिझाइनचा ग्राफ आहे, आणि श्रीखंडे मुळात डिझाइनचेच अभ्यासक.

एक सावधगिरी. नऊच्या ग्राफची द्विभागी दुप्पट काढलीत तर तीही डिस्टन्स-बॅलन्स्ड निघेल, ट्रान्समिशन सगळीकडे ३९. यावरून सर्वसाधारण प्रमेय लिहायला धावू नका. एकट्यासाठी ते २० + १९ असं येतं आणि जोडीतल्यासाठी १८ + २१. बेरीज जुळली, भाग जुळले नाहीत, आणि वर स्ट्राँग गुणाकारात आपण पाहिलंच की अशा जुळण्यावर पुढचा गुणाकार उभा राहत नाही.

संगणकाबद्दल थोडंसं. डिस्टन्स-बॅलन्स्ड तपासायला प्रत्येक शिरोबिंदूपासून ब्रेड्थ-फर्स्ट सर्च (आधी अंतर १ चे, मग २ चे, असे शिरोबिंदू शोधणं) चालवून ट्रान्समिशनांची तुलना करणं पुरतं. वेळ शिरोबिंदूसंख्या आणि कडांची संख्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. कडा एकेक घेऊन दोन्ही बाजू मोजणारे प्रोग्राम लोक लिहितात, त्याची गरज नाही. डिस्टन्स-रेग्युलरसाठी सेजमथ आणि नेटवर्कएक्स या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तयार फंक्शन आहे. स्वतः लिहिणार असाल तर एका शिरोबिंदूवरून निष्कर्ष काढू नका, ग्राफ व्हर्टेक्स-ट्रान्झिटिव्ह आहे हे आधी माहीत असेल तरच तसं चालतं.

आता शेवटचा प्रश्न: रेग्युलर नसलेले डिस्टन्स-बॅलन्स्ड ग्राफ. नऊचा ग्राफ घेऊन कशाशीही, म्हणजे कोणत्याही डिस्टन्स-बॅलन्स्ड ग्राफशी, कार्टेशियन गुणाकार करत राहिलात तर अनंत मिळतील, पण परीक्षक म्हणेल की हे गुणाकार आहेत, नवीन काय? त्यापेक्षा मूळ कृतीच वाढवा. षटकोनाऐवजी २न कोपऱ्यांचं वर्तुळ घ्या, एकाआड एक कोपऱ्याच्या जागी म शिरोबिंदूंचा पूर्ण ग्राफ ठेवा. वर्तुळात एका कोपऱ्यापासून विषम अंतरांवरच्या कोपऱ्यांच्या अंतरांची बेरीज वि, आणि सम अंतरांवरच्यांची स. एकट्याचं ट्रान्समिशन म × वि + स. गटातल्याचं म × स + (म−१) + वि. दोन्हींतला फरक (म−१)(वि − स − १). म्हणजे वि आणि स मध्ये नेमका १ चा फरक हवा. न विषम असेल तर वर्तुळात तो नेहमीच १ येतो (षटकोनात ५ आणि ४, दशकोनात १३ आणि १२), न सम असेल तर ०. म्हणून ६, १०, १४ … कोपऱ्यांची वर्तुळं चालतात, ८ आणि १२ ची चालत नाहीत, आणि म कितीही घ्या. डिग्री २म आणि म+१, म्हणजे म = १ सोडून कधीच रेग्युलर नाही.

हे ग्राफ द्विभागी नाहीत, हे लक्षात ठेवा. द्विभागी हवे असतील तर काम अवघड होतं. हांडा यांनी विचारलं होतं की वर्तुळ नसलेला प्रत्येक द्विभागी डिस्टन्स-बॅलन्स्ड ग्राफ ३-कनेक्टेड असतो का, म्हणजे कोणतेही दोन शिरोबिंदू काढले तरी जोडलेला राहतो का. मिक्लाविच आणि श्पार्ल यांनी उत्तर ‘नाही’ दिलं, आणि सर्वांत लहान प्रतिउदाहरण १८ शिरोबिंदूंचं आणि एकमेव आहे हेही दाखवलं. तुमच्या कामाचा पुढचा टप्पा इथून सुरू करा: वरच्या कुटुंबात पूर्ण ग्राफऐवजी दुसरा कोणता ग्राफ ठेवला तर वि − स चा हिशेब जुळतो, आणि त्यातला कोणता द्विभागी निघतो.